मोटारसायकलींचे रूपांतरण व जतन

कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारसायकलीचे काही भाग काढून टाकून, बदलून, कापून अथवा नव्याने जोडून तिला मालकाच्या गरजेप्रमाणे वा आवडीप्रमाणे वेगळे रूप देणे, यास मोटारसायकलीचे रूपांतरण म्हणतात. गाडी नवी असते तोवर हा मालकाच्या हौसेचा व खर्चाचा प्रश्न असतो. ती जुनी झाली, तिच्या जातीच्या गाड्या मोजक्या उरल्या आणि तिचे भाग मिळेनासे झाले म्हणजे मात्र प्रत्येक बदलाबरोबर दुसराच प्रश्न उभा राहतो : इतके बदलल्यावर ही तीच गाडी राहिली काय? या प्रश्नाला सर्वसामान्य उत्तर देण्यापेक्षा एकाच नमुन्याच्या गाड्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी बनविलेली हार्ली-डेव्हिडसन डब्ल्यूएलए ही मोटारसायकल त्या दृष्टीने सोयीची आहे. ती हजारोंच्या संख्येने जवळजवळ एकसारखी बनली, युद्ध संपल्यावर अनेक देशांत विखुरली व प्रत्येक ठिकाणी तिला निराळे रूप मिळाले. कॅलिफोर्नियात ती अंगावरचे ओझे उतरवून हलकी झाली, तर दिल्लीत तिच्यामागे प्रवाशांची बैठक जोडली जाऊन ती सार्वजनिक वाहन झाली.

जुन्या गाड्यांच्या वर्गीकरणाच्या संज्ञा सैलपणे वापरल्या जातात. ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लब या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या मूळ वर्गवारीनुसार १९१४ पर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’ व १९१५ ते १९३० या काळातील गाड्या ‘व्हिंटेज’ होत. भारतातील नियमांप्रमाणे मात्र प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली गाडी व्हिंटेज ठरते. प्रस्तुत नोंदीत जुनी गाडी हा शब्द या दुसऱ्या, व्यापक अर्थाने वापरला आहे.

मूळ गाडी : विल्यम हार्ली (१८८०–१९४३) व आर्थर डेव्हिडसन (१८८१–१९५०) यांनी मिलवॉकी येथे १९०३ मध्ये सुरू केलेल्या उद्योगाने १९२९ पासून ४५ घ. इंच (सु. ७४० घ. सेंमी.) धारणेचे, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे दोन सिलिंडरांचे एंजिन असलेल्या मोटारसायकली बाजारात आणल्या होत्या. त्यांपैकी डब्ल्यूएल या नागरी नमुन्यावरून सैनिकी नमुना तयार झाला. नावातील शेवटचे ए हे अक्षर सैन्याचे निदर्शक आहे. सिलिंडरांमधील कोन ४५°, व्यास सु. ६९·७ मिमी. व धाव सु. ९६·८ मिमी. आहे. झडपा सिलिंडरांच्या माथ्यावर नसून बाजूस आहेत. या रचनेमुळे एंजिनाला फार वेग घेता येत नाही. पण ते मंद गतीलाही जोराने ओढते, हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालते आणि साध्या हत्यारांनी उघडता येते. त्यापासून सु. २३ अश्वशक्ती मिळते. गाडीचे वजन सु. २४५ किग्रॅ. असून तिचा कमाल वेग ताशी सु. १०५ किमी. आहे. पुढील फोर्कला स्प्रिंगा आहेत. मागील चाक मात्र चौकटीला ताठ जोडलेले असून बसणाऱ्याला आधार काय तो आसनाखालील स्प्रिंगेचाच. गिअर तीन असून ते टाकीच्या डाव्या बाजूच्या दांड्याने हाताने बदलावयाचे असतात व क्लच डाव्या पायाने दाबावयाचा असतो. उजव्या मुठीने पेट्रोलमिश्रणाचा पुरवठा व डाव्या मुठीने ठिणगी पडण्याची वेळ कमीजास्त करता येते. आजच्या मोटारसायकलीची सवय असलेला चालक या गाडीवर प्रथम बसतो तेव्हा त्याला सर्व काही नव्याने शिकावे लागते. गाडीचे स्वत्व कशात आहे याचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ते केवळ रंगात वा आकारात नसते, चालविणाऱ्याच्या हातापायांनाही ते जाणवते.

सैन्यासाठी या गाडीवर मळकट हिरवा रंग, शत्रूला दिसू नये असे झाकलेले दिवे, एंजिनाखाली दगडधोंड्यांपासून संरक्षण करणारा पत्रा, धूळ अडविणारा तेलाचा हवागाळक, मागे मजबूत कॅरियर, कातडी पिशव्या आणि फोर्कच्या बाजूस बंदुकीची म्यान चढविली गेली. टाकीवर वंगणाच्या सूचना व कोणत्या गिअरमध्ये किती वेगाच्या पुढे जाऊ नये हे सांगणारी पट्टी होती. कॅनडाच्या सैन्याकरिता बनविलेला डब्ल्यूएलसी हा नमुना धरून युद्धकाळात सु. ९०,००० गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी सु. ३०,००० उधार-पट्टा करारान्वये सोव्हिएट संघाकडे गेल्या. प्रत्यक्ष लढाईत या मोटारसायकलीचा उपयोग थोडा झाला, कारण टेहळणीचे काम लवकरच जीपगाडीने आपल्याकडे घेतले. निरोप पोचविणे, वाहनांच्या तांड्यांना वाट दाखविणे व लष्करी पोलिसांची गस्त ही तिची मुख्य कामे होती.

तिच्या क्रमांकांची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर (७ डिसेंबर १९४१) बनलेल्या युद्धकालीन सर्व गाड्यांना, त्या कोणत्याही वर्षी बनलेल्या असोत, १९४२ सालाचाच क्रमांक देण्यात आला. त्यामुळे १९४४ मध्ये तयार झालेली गाडीही कागदोपत्री बेचाळीसचीच आहे. शिवाय हा क्रमांक एंजिनाच्या कवचावर कोरलेला असतो, चौकटीवर नाही. १९७० सालच्या नमुन्यांपूर्वी हार्ली-डेव्हिडसनच्या चौकटीवर ओळख-क्रमांक नसेच; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एंजिन हीच गाडी. एंजिनाच्या कवचाच्या दोन अर्धुकांवर खालच्या बाजूस परस्परांशी जुळणारे आकडे ठोकलेले असतात व ती दोन अर्धुके मुळातली जोडी आहेत की नाहीत, हे त्यांवरून कळते. सैनिकी कार्यशाळांत दुरुस्तीसाठी आलेल्या गाड्यांची एंजिने, चाके, टाक्या यांची अदलाबदल सर्रास होत असे. तेव्हा मिलवॉकीहून निघाली तशीच्या तशी राहिलेली युद्धकालीन गाडी ही वस्तू १९४५ मध्येही फारशी आढळली नसती. जतन करणाऱ्यांच्या वादांत ही बाब बरेचदा विसरली जाते.

अमेरिकेतील रूपांतरण : गाडीचे अनावश्यक भाग काढून तिला हलके करण्याची रीत युद्धापूर्वीचीच आहे. अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने १९३४ पासून ‘वर्ग क’ या नावाने शर्यतींचा एक प्रकार सुरू केला. मंदीच्या काळात कारखान्यांना खास शर्यतीच्या गाड्या बनविणे परवडत नव्हते. म्हणून या शर्यतींत बाजारात मिळणाऱ्या सामान्य गाड्याच धावाव्यात असे ठरले. स्पर्धक आपल्या गाडीवर बसून मैदानावर येई, तेथे दिवे, पुढचे मडगार्ड व इतर जोडभार उतरवी, शर्यत खेळे आणि सर्व काही पुन्हा बसवून घरी जाई. पुढे ज्यांना शर्यतीत भाग घ्यावयाचा नव्हता अशा तरुणांनाही ते उघडेवाघडे रूप आवडू लागले. त्यांनी पुढचे मडगार्ड काढले व मागचे आखूड केले. अशा गाडीला प्रथम ‘बॉब-जॉब’ व नंतर ‘बॉबर’ म्हणू लागले. घोड्याची शेपटी आखूड कापण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. मैदानावर पाना-पकडीने केलेला व संध्याकाळी पुन्हा पूर्ववत होणारा बदल हा या सर्व परंपरेचा उगम आहे.

युद्ध संपल्यावर सरकारने शिलकी मोटारसायकली स्वस्तात विकावयास काढल्या. सैन्यातून परत आलेल्या अनेकांनी त्या घेतल्या. त्यांच्यापुढे आदर्श बॉबरचा होता आणि हातात सैन्याने लादलेल्या सामानाने जड झालेली गाडी होती. म्यान, कॅरियर, तळपत्रा, झाकलेले दिवे, कातडी पिशव्या हे सर्व प्रथम गेले. यांपैकी बहुतेक भाग बोल्टने जोडलेले असल्याने ते काढून टाकल्यावर गाडीच्या अंगाला कोठेही धक्का लागत नसे. खाली उरे ती जवळजवळ युद्धपूर्व नागरी गाडीच. या अर्थी सुरुवातीच्या बॉबरांनी गाडीचे मूळ रूप बिघडविण्याऐवजी झाकलेले रूप उघडे केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मागचे मडगार्ड मात्र खरोखर कापले जाई. कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे जुलै १९४७ मध्ये भरलेल्या मेळाव्यात दंगा झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी रंगवून दिल्या, तेव्हापासून अशा गाड्या व त्यांचे स्वार यांना समाजात एक बदलौकिक चिकटला. त्यातही युद्धातून परतलेल्या पिढीच्या अस्वस्थतेचा भाग किती व छापणाऱ्यांच्या तिखटमिठाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

टाकीच्या बाबतीत बॉबर बनविणाऱ्यांपुढे एक तांत्रिक अडचण येई. या एंजिनाच्या गाड्यांची टाकी दोन अर्धांची असते. डाव्या अर्धात पेट्रोल व उजव्या अर्धात वंगणाचे तेल. म्हणून ती काढून १९४८ च्या सुमारास निघालेल्या १२५ घ. सेंमी.च्या छोट्या गाडीची चिमुकली टाकी बसवायची झाल्यास तेलासाठी वेगळे भांडे कोठे तरी लटकवावे लागते, त्याच्या नळ्या नव्याने ओढाव्या लागतात व हाताने गिअर बदलण्याच्या दांड्याचा आधारही हलवावा लागतो. एका भागाला हात घातला की चार भाग कसे जागचे हलतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. जाणते कारागीर म्हणूनच टाकीला हात लावीत नसत. आज उरलेल्या जुन्या बॉबरांमध्ये जाड, दुभागलेली मूळ टाकी व आखूड मागचे मडगार्ड अशी जोडी दिसली, तर ते काम जुन्या पिढीचे असण्याचा संभव अधिक.

१९६० नंतर ‘चॉपर’ हा प्रकार पुढे आला आणि रूपांतरणाचे स्वरूप बदलले. चॉपरमध्ये हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती चौकटीची मान कापून अधिक तिरपी जोडतात, फोर्क लांब करतात व गाडीच्या बहुतेक धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवितात. डेनिस हॉपर (१९३६–२०१०) दिग्दर्शित ईझी रायडर (१९६९) या चित्रपटाने हा आकार जगभर नेला. त्यातील गाड्या पोलीस खात्याने लिलावात काढलेल्या जुन्या हार्ली-डेव्हिडसनपासून बनविल्या होत्या. त्यांची कल्पना क्लिफ व्हॉज व बांधणी बेन हार्डी या कृष्णवर्णीयांची. चित्रपटाच्या यशात त्यांना दीर्घकाळ श्रेय मिळाले नाही. चित्रीकरण संपण्याच्या सुमारास त्यांतील तीन गाड्या चोरीस गेल्या. चौथी चित्रपटातील अपघाताच्या प्रसंगात मोडली होती व नंतर पुन्हा उभी करण्यात आली. पुढे तीच खरी गाडी म्हणून एकाहून अधिक गाड्यांवर दावा सांगण्यात आला. रूपांतरित गाडीचेही मूळपण असते व त्याचीही नक्कल होते, हे या वादाने दाखवून दिले. कला म्हणून चॉपरला स्वतःचे स्थान आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि कापलेली मान पुन्हा पहिल्या कोनात जोडणे कौशल्याचे व जोखमीचे काम असते, आणि जोडले तरी धातूत झालेला बदल निघून जात नाही. या लाटेत किती सैनिकी चौकटी नाहीशा झाल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

दिल्लीची फटफटी : मोटारसायकलीला मराठीत आवाजावरून पडलेले फटफटी हे नाव ग्रामीण भागात बरीच वर्षे रूढ होते. दिल्लीत मात्र फटफटी किंवा फटफटिया म्हणजे एक विशिष्ट तीनचाकी वाहन होते. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील अमेरिकन सैन्याचे सामान युद्धानंतर येथेच विकले गेले. त्यात मोटारसायकलीही होत्या. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासितांपैकी अनेकांनी, विशेषतः शीख चालकांनी, त्या घेऊन पोटापाण्याचे साधन केले. गाडीचा पुढचा भाग, म्हणजे फोर्क, टाकी, आसन, एंजिन व गिअरपेटी हा तसाच ठेवून मागील चाकाच्या जागी दोन चाकांचा आस बसविण्यात आला व त्यावर लाकूड-लोखंडाची, छत असलेली बैठक बांधण्यात आली. चालक मोटारसायकलीच्या आसनावर बसे व प्रवासी मागे दाटीवाटीने. चांदणी चौकाच्या परिसरातून कॅनॉट प्लेसकडे व इतर ठराविक मार्गांवर या गाड्या अनेक दशके धावल्या.

या रूपांतरणात मूळ गाडीचा अर्धा सांगाडा नाहीसा झाला. संग्राहकाच्या दृष्टीने ही हानीच. परंतु एंजिनाच्या स्वभावाशी हे काम जितके जुळणारे होते, तितके कॅलिफोर्नियातील कोणतेच नव्हते. मंद गतीने भार ओढणे हेच या बाजूस झडपा असलेल्या एंजिनाचे बलस्थान. मिलवॉकीच्या कारखान्यानेही ते ओळखून १९३२ मध्ये याच ४५ घ. इंची एंजिनावर ‘सर्व्ही-कार’ नावाची तीनचाकी मोटारसायकल काढली होती. तिचे उत्पादन १९७३ पर्यंत चालले. अमेरिकेतील पोलीस व गॅरेजवाले ती वापरीत. दिल्लीच्या मिस्त्र्यांनी आपल्या गरजेपोटी व हाताशी असलेल्या सामानातून जे उभे केले, ते अशा रीतीने कारखान्याच्या स्वतःच्या कल्पनेच्या बरेच जवळ जाणारे होते. फरक इतकाच की सर्व्ही-कार मागे हत्यारांची पेटी वाही, फटफटी माणसे वाही.

पुढे पेट्रोल महागले, एंजिनाचे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि अनेक फटफट्यांमध्ये शेतीपंपाच्या जातीची डीझेल एंजिने बसविण्यात आली. अमेरिकन टाकी व फोर्क कायम, पण आत एंजिन दुसरेच, असे दृश्य अखेरच्या काळात सामान्य होते. एंजिन हीच गाडी, या जुन्या अमेरिकन हिशेबाने पाहिले तर या टप्प्यावर ती हार्ली-डेव्हिडसन उरली नव्हती. रस्त्यावरील माणसाच्या लेखी मात्र तीच फटफटी होती. १९९८ मध्ये प्रदूषणाच्या कारणास्तव त्या दिल्लीच्या रस्त्यांवरून हटविण्यात आल्या व त्यांच्या मार्गांवर नैसर्गिक वायूवर चालणारी चारचाकी वाहने आली. ती ‘फट-फट सेवा’ म्हणून ओळखली गेली; वाहन गेले तरी नाव टिकले. जुन्या फटफट्या बहुतेक भंगारात निघाल्या. पन्नास वर्षे राजधानीच्या वाहतुकीचा भार उचललेल्या या वाहनाचे जतन व्हावे असे तेव्हा फारच थोड्यांना वाटले, ही खेदाची गोष्ट आहे.

पुनःस्थापनाची लाट : विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत वारा उलट्या दिशेने वाहू लागला. ज्या गाड्या उघड्या केल्या होत्या, त्यांच्यावर पुन्हा म्यान, पिशव्या व झाकलेले दिवे चढू लागले. नॉर्मंडीच्या उतराईचे (६ जून १९४४) स्मरण म्हणून भरणाऱ्या मेळाव्यांत लष्करी वेषातील स्वार व हिरव्या मोटारसायकली ठरलेल्या असतात. पश्चिम युरोपात या गाडीला ‘लिबरेटर’ म्हणजे मुक्तिदाती असे नाव आहे. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) तिकडे पडून राहिलेल्या गाड्या व सुटे भाग पश्चिमेकडे आले आणि मागणी पाहून चौकट, टाकी, आसन, पिशव्या इत्यादींची नवी हुबेहूब उत्पादनेही निघाली. आज पुरेसा पैसा खर्च केल्यास एका जुन्या क्रमांकाच्या कवचाभोवती जवळजवळ संपूर्ण नवी डब्ल्यूएलए उभी करता येते.

अशा वेळी पुनःस्थापन हे स्वतःच एक रूपांतरण होऊन बसते. १९४७ मध्ये एखाद्या परतलेल्या सैनिकाने घरच्या गॅरेजमध्ये बनविलेला व तसाच टिकून राहिलेला बॉबर मिळाला, तर तो मोडून त्याचा ‘अस्सल’ सैनिकी नमुना करावा काय? सैन्यात गाडी फार तर चार-पाच वर्षे राहिली; बॉबर म्हणून ती पंचाहत्तर वर्षे जगली. कापलेले मडगार्ड फेकून नव्याने बनविलेले अखंड मडगार्ड लावले, तर गाडी कारखान्यातल्यासारखी दिसेल. पण खऱ्या इतिहासाचा एक तुकडा जाऊन त्या जागी नवा पत्रा येईल. आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या जीर्णोद्धारात जुन्या दगडांवर चकचकीत तैलरंग चढविला जातो तेव्हा हाच घोटाळा होतो. मोटारसायकलींच्या जगात हा विचार उशिरा रुजला. उन्हापावसाने उडालेला, पण मुळातला असलेला रंग नव्या सुंदर रंगाहून मोलाचा मानण्याची प्रथा तेथे गेल्या काही दशकांतलीच आहे.

जुन्या वाहनांच्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिव्हा, स्थापना १९६६) २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्यूरिन सनदेत या विचाराला नियमाचे रूप मिळाले. वाहन नित्याच्या वापरात असताना त्याच्यात झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचाच भाग होय, असे ही सनद मानते. वापराचा काळ संपल्यानंतर सुरक्षिततेसाठी वा कायद्यासाठी काही बदल करावेच लागले, तर ते नजरेत न भरणारे व उलटविता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबतच जपून ठेवावेत, अशी तिची शिफारस आहे. काढलेला भाग कोणाला विकला वा कोठे हरवला हे वीस वर्षांनंतर आठवत नाही, त्यामुळे ही शेवटची सूचना सर्वांत साधी असूनही सर्वांत उपयोगाची आहे.

बदलांचा कस : उलटविता येणे ही कसोटी ऐकावयास सोपी वाटली, तरी प्रत्यक्ष कामात ती नेहमीच सरळ लागू पडत नाही. डब्ल्यूएलएची विद्युत् यंत्रणा सहा व्होल्टची असून तिचे दिवे आजच्या रहदारीत अपुरे पडतात. जनित्राचे बाह्य कवच तेच ठेवून आतील गुंडाळी बारा व्होल्टसाठी बदलता येते. दिसण्यात काही फरक पडत नाही व हवे तेव्हा पूर्ववतही करता येते. याबद्दल फारसा मतभेद नाही. पुढचा ब्रेक मुळातच दुबळा आहे. त्याच्या पिंपाला तंतोतंत बसणारे अस्तर लावून व दोरी नीट ताणून तो बराच सुधारतो. त्याऐवजी आधुनिक तबकडी ब्रेक बसविला तर थांबण्याचे अंतर घटते, मात्र तो बसविण्यासाठी फोर्कला बहुधा वेल्डिंग करावे लागते आणि गाडीचा चेहराच बदलतो. फोर्क व चाक यांचा दुसरा संच घेऊन त्यावर हे काम करणे आणि मूळ संच बाजूस काढून ठेवणे, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

याउलट काही बदल डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत, पण कायमचे असतात. या एंजिनाचे सिलिंडर बिडाचे असून झडपांच्या बैठका त्याच बिडात कापलेल्या आहेत. त्या झिजल्यावर, विशेषतः शिसेविरहित पेट्रोलवर गाडी बरीच चालवावयाची असल्यास, कठीण धातूची कडी बसवितात. त्यासाठी सिलिंडराचा भाग कापावा लागतो आणि तो परत येत नाही. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून मोठा दट्ट्या घालणे हेही तसेच. प्रत्येक वेळी थोडे बीड कमी होते व मर्यादा संपल्यावर आत नवे अस्तर ठोकण्यावाचून गत्यंतर नसते. या बदलांना कोणी रूपांतरण म्हणत नाही. यांनाच दुरुस्ती म्हणतात. गाडी चालविणे हेच तिला झिजविणे होय आणि न चालविणे म्हणजे तिचा गंज वाढविणे. संग्रहालयातील स्थिर गाडीला हे दुखणे नसते, परंतु तिच्या हाताने बदलण्याच्या गिअरचा व डाव्या मुठीतल्या ठिणगीचा अनुभवही तेथे कोणाला मिळत नाही. हातातला गिअर पायात आणला, पायातला क्लच हातात आणला, तर गाडी कोणालाही चालविता येईल. असे संच मिळतात व ते बोल्टने बसतात. ते पूर्णपणे उलटविता येण्याजोगे असूनही त्यांच्यामुळे गाडीचे स्वत्व कापलेल्या मडगार्डापेक्षा अधिक हरपते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतातील नियम : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या बावन्नाव्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा कडक अर्थ लावला व वाहनाची मूळ वैशिष्ट्ये बदलणाऱ्या फेरफारांना नोंदणीत स्थान नाही, असे स्पष्ट केले. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणावयाची असते. नित्याच्या वा व्यापारी वापरास मनाई आहे. मुख्य अट अशी की गाडीच्या चौकटीत, बाह्यांगात अथवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

या अटीमागील हेतू योग्यच आहे. नाही तर जुन्या क्रमांकाच्या आधारे नवीच गाडी रस्त्यावर आणणे सोपे झाले असते. तथापि तिच्यात कालाचा विचार नाही. १९५० मध्ये झालेला बदल व काल झालेला बदल तिच्या लेखी सारखाच. मुंबई, पुणे व अन्य शहरांतील मेळाव्यांत दिसणाऱ्या युद्धकालीन मोटारसायकलींपैकी अनेकींनी मधल्या काळात दूधवाल्यांची, ठेकेदारांची व शेतकऱ्यांची कामे केलेली असतात आणि त्या कामांच्या खुणा, म्हणजे जादा टेकू, बदललेले कार्ब्युरेटर, दुसऱ्याच गाडीचे आसन, त्यांच्या अंगावर असतात. ‘व्हीए’ नोंदणीच्या आधी या खुणा पुसून टाकण्याकडे मालकांचा कल होणे स्वाभाविक आहे. ट्यूरिन सनदेप्रमाणे त्या जपल्या पाहिजेत. दिल्लीच्या एखाद्या जुन्या आवारात अजून एखादी फटफटी सापडली, तर या नियमांखाली तिची नोंदणी होणे कठीणच : ती तीनचाकी आहे, व्यापारी वापराची होती, तिची चौकट अर्धी आहे आणि बहुधा एंजिनही मूळचे नाही.